यंत्र शिकविणाऱ्याचा सन्मान



गुजराती भाषेत ‘घडियाळी’ म्हणजे घड्याळजी. आज या पोळात गिऱ्हाईक येते ते बहुधा कापड आणि दागिने घेण्यासाठी. पण पोळाच्या नावात घड्याळजी बसलेला आहे, आणि तेवढा आधार घेऊन शताब्दीच्या या व्याख्यानमालेत एक दिवस यंत्र शिकविणाऱ्या मास्तरासाठी काढून ठेवला, तर साहित्यप्रेमी सभासदांनी रागावू नये. ग्रंथालयात कवीचा सत्कार होतो, कादंबरीकाराचा होतो, क्वचित समीक्षकाचाही होतो. लेथवर उभा राहून शिकविणाऱ्याचा सत्कार कसा करावा, याचा विचार मात्र आपल्या समाजाने फारसा केलेला नाही. आजचा विषय तोच आहे.

भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ सर्वांच्या परिचयाचे. किल्ली दिलेली स्प्रिंग एकाच झटक्यात उलगडू पाहते. दाते असलेल्या चाकावर बसविलेला एक लहानसा अडसर तिला एका वेळी एकच दाता सुटू देतो. आणि तो कधी सोडायचा हे लंबक ठरवितो. लंबकाचा झोका त्याच्या वजनावर अवलंबून नसतो, लांबीवर असतो, हे शाळेच्या पुस्तकातही लिहिलेले आहे. परंतु घड्याळ भिंतीवर जरा तिरके लागले की त्याची टिकटिक लंगडू लागते. दोन ठोक्यांमधले अंतर सारखे राहत नाही, आणि अशा घड्याळाची किल्ली पुरी उतरण्याआधीच ते बंद पडते. जाणता घड्याळजी घड्याळ उघडीत नाही. तो कान देतो आणि चौकट बोटभर सरकवितो. हे ऐकणे त्याला कोणी तरी शिकविलेले असते, आणि ज्याने शिकविले त्याच्या नावाची कुठेही नोंद नसते. यंत्रविद्येच्या अध्यापनाची सारी अडचण या एका गोष्टीत सामावलेली आहे. या विद्येतला शिकविण्यासारखा जो भाग सर्वांत मोलाचा, तोच कागदावर उतरत नाही. आणि सन्मान देणाऱ्या समित्या तर कागदच मागतात.

आता थोडे अलीकडच्या घटनेकडे वळू. ५ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार दिले गेले. मानकरी एकंदर ७५. त्यांपैकी ५० शाळांमधले होते, त्यात नवे काही नव्हते. नवे होते ते उरलेल्या पंचविसांत. १३ शिक्षक उच्च शिक्षणातले आणि १२ कौशल्यविकास मंत्रालयाच्या कक्षेतले, म्हणजे कारागिरीचे प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांमधले. त्या तेरांमध्ये खरगपूरच्या आय.आय.टी.तले यांत्रिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक सुमन चक्रवर्ती होते. मुंबईच्या व्ही.जे.टी.आय.चे प्रा. केशव सांगळे हेही त्याच यादीत होते. त्यांचा विषय स्थापत्याकडचा, पण संस्था तंत्रविद्येची, आणि तिचा उल्लेख पुढे पुन्हा यायचा आहे.

राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार सुरू झाला १९५८ साली. म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजातला, पॉलिटेक्निकमधला किंवा आय.टी.आय.मधला शिक्षक त्या व्यासपीठावर चढायला ६५ वर्षे लागली. विशेष असे, की शास्त्रज्ञांसाठीचे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिकही प्रथम दिले गेले ते १९५८ मध्येच. एकाच वर्षी देशाने दोन दारे उघडली. एकातून शोध लावणारा आत गेला, दुसऱ्यातून शाळामास्तर आत गेला. ज्याने शोध लावला नाही, पण शोध लावणाऱ्याला, कारखाना चालविणाऱ्याला, धरणाच्या दाराची मोटर बसविणाऱ्याला घडविले, तो दोन्ही दारांच्या मधल्या भिंतीशी उभा राहिला. कुणी मुद्दाम त्याला वगळले असे नव्हे. शाळामास्तर गरीब, म्हणून त्याच्याविषयी कणव. शास्त्रज्ञ थोर, म्हणून त्याच्याविषयी आदर. प्राध्यापकाला पगार मिळतो, त्याला आणखी काय हवे, अशीच एकूण समजूत असावी.

पण हा शिक्षक करतो तरी काय, हे ज्यांनी कार्यशाळेत पाऊल टाकलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. कानस घ्या. लोखंडाचा एक ठोकळा कानशीने घासून सपाट करावयाचा, एवढेच पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला दिलेले काम. दिसायला हमालीचे. विद्यार्थी जोर लावून घासतो आणि तासाभराने पाहतो तो ठोकळा कडांना उतरलेला आणि मधे फुगलेला, पावाच्या पाठीसारखा. कारण कानस पुढे जाताना तिचा तोल बदलतो. घासण्याच्या आरंभी पुढच्या हाताचा दाब अधिक हवा, शेवटाकडे मागच्या हाताचा, आणि मधल्या प्रवासात एक दाब कमी होत दुसरा वाढत गेला पाहिजे. हे वाक्य वाचून कोणाचाही ठोकळा सपाट झालेला नाही. शिक्षक विद्यार्थ्याच्या मागे उभा राहतो, त्याच्या मनगटावर आपला हात ठेवतो, चार वेळा कानस चालवितो आणि बाजूला होतो. मग ठोकळ्याला गुण्या लावून तो खिडकीच्या उजेडाकडे धरायला सांगतो. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली नाही, की मान हलवितो. शिकविणे झाले. या शिकविण्याचा शोधनिबंध होत नाही.

किंवा ओतकाम पाहा. बिडाचा रस थंड होताना आकसतो, ढोबळ मानाने शंभरात एक या प्रमाणात. म्हणून साच्यासाठी लाकडाचा जो नमुना करायचा तो मूळ वस्तूपेक्षा तेवढा मोठा करावा लागतो, आणि तो करणाऱ्या सुताराजवळ मुळातच थोडी लांब आखलेली मोजपट्टी असते. सुताराला लाकूड कळते, ओतणाऱ्याला भट्टी कळते. पण लाकडाच्या मापात उद्याच्या लोखंडाचे आकसणे आजच धरायचे असते, हे दोघांनाही कळावे लागते. या दोघांना एका छपराखाली आणून एकमेकांची भाषा शिकविणे, हा यंत्रविद्येच्या शाळेचा खरा व्यवसाय.

बडोद्याला हे फार लवकर उमगले होते. येथे ज्या गृहस्थांचे नाव घ्यावयाचे त्यांच्या आडनावातच सुतारकी आहे. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. गुजरातेत गज्जर म्हणजे सुतार. जन्म सुरतेचा, १८६३ चा. योगायोग असा की महाराज सयाजीराव गायकवाड यांचा जन्मही १८६३ चाच. एक सुरतेच्या सुताराच्या घरातला, दुसरा नाशिककडच्या कवळाणे गावातल्या शेतकऱ्याच्या घरातून गादीवर आणलेला. गज्जरांचे वडील बांधकामात नामांकित होते आणि शिल्पशास्त्राचे जाणकार होते. मुलगा मुंबईला जाऊन रसायनशास्त्रात एम.ए. झाला आणि बडोदा कॉलेजात प्राध्यापक म्हणून आला. पदवी पदरात पडली की वडिलांचा करवत-रंधा विसरायचा, हा आपल्याकडचा रिवाज. गज्जरांनी नेमके उलटे केले. पदवीचा उपयोग करवत-रंध्यासाठी कसा करता येईल, याचा त्यांनी ध्यास घेतला, आणि त्या ध्यासातून १८९० साली कलाभवन उभे राहिले.

त्या काळात तंत्रशिक्षण नव्हते असे नाही. पुण्यात १८५४ साली इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला होता, रुरकीला त्याच्याही आधी, १८४७ मध्ये. पण त्या संस्थांचा हेतू सरकारला कालवे, रस्ते आणि पूल यांसाठी माणसे पुरविण्याचा. इंग्रजी येणारा, नकाशा वाचणारा, साहेबाच्या हाताखाली ओव्हरसिअर म्हणून उभा राहणारा तरुण त्यांना हवा होता. कलाभवनाने कोणत्याही खात्याला माणसे पुरविण्याचे कंत्राट घेतले नव्हते. रंगारी, विणकर, सुतार, लोहार यांच्या मुलांनी आपलाच धंदा शास्त्राच्या आधाराने वर न्यावा, आणि तो देशी भाषेतून शिकावा, हा त्यातला विचार. रंगकाम आणि रसायन, यंत्रकाम, चित्रकला, वास्तुविद्या, विणकाम असे तिचे विभाग होते. इंग्रजी न येणारा कारागीर वर्गात बसायचा, तर त्याला पुस्तक कोणत्या भाषेतले द्यायचे? म्हणून गज्जरांनी परिभाषेचे काम अंगावर घेतले. सयाजी ज्ञानमंजूषा ही ग्रंथमाला त्यातूनच आली, आणि रंगकामाच्या विद्येसाठी ‘रंगरहस्य’ नावाचे नियतकालिकही निघाले. महाराजांनी त्यासाठी पैसा दिला.

येथे थोडे थांबले पाहिजे. शिक्षकाचा सन्मान म्हणजे काय, या प्रश्नाचे एक उत्तर बडोद्याने १८९० च्या सुमारास देऊन ठेवले आहे, आणि ते शालजोडीचे नाही. महाराजांनी गज्जरांच्या गळ्यात पदक घातले की नाही, यावर काही अवलंबून नव्हते. त्यांनी गज्जरांना इमारत दिली, कार्यशाळा दिली, पुस्तके करवून घेण्यासाठी निधी दिला, जर्मनीतून रंगकामाचे तज्ज्ञ आणू दिले आणि मुख्य म्हणजे शिकविण्याची भाषा ठरविण्याचा अधिकार दिला. शिक्षकाला जे लागते ते त्याच्या हाती देणे, हा त्याच्या विद्येचा सर्वांत मोठा गौरव. पुरस्कार त्यानंतरचा. आज आपल्याकडे क्रम उलटा झालेला दिसतो. पुरस्कार वर्षातून एकदा मिळतो, आणि लेथचा तुटलेला पट्टा मात्र तीन वर्षे मंजुरीच्या फायलीत पडून राहतो.

कलाभवनाच्या विद्यार्थ्यांत सर्वांत ठाऊक असलेले नाव कोणाचे, हे या सभेला सांगण्याची गरज नाही. दादासाहेब फाळके. जे.जे.मधून ते बडोद्याला आले, कलाभवनात चित्रकला शिकले, मूर्तिकाम आणि वास्तुरचना शिकले, छायाचित्रणाचे तंत्र शिकले. त्यांची चाल पाहून गज्जरांनी त्यांना कलाभवनाचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरावयास दिली, आणि तीन रंगांचे ठसे तयार करण्याची विद्या शिकण्यासाठी रतलामला धाडले. फाळक्यांची गणना आपण कलावंतांत करतो ते योग्यच आहे, परंतु १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला तो कॅमेरा, फिल्मच्या कडेला छिद्रे पाडणारे यंत्र, धुलाई आणि छपाई यांवर हुकमत असलेल्या माणसाच्या हातून. आपल्याकडच्या पहिल्या चित्रपटकर्त्याच्या अंगी यांत्रिक भिनला होता. १९६९ पासून देशातला चित्रपटक्षेत्राचा सर्वोच्च सन्मान फाळक्यांच्या नावाने दिला जातो. तो सन्मान स्वीकारणाऱ्यांच्या भाषणांत रतलामची गाडी कधी धावत नाही. विद्यार्थ्याच्या नावाने पुरस्कार निघणे ही शिक्षकाची धन्यताच. तरीही बडोदेकरांनी तरी त्या नावामागे उभा असलेला सुरतेचा सुतार ओळखावा.

गज्जर १८९६ मध्ये बडोदे सोडून मुंबईला विल्सन कॉलेजात गेले. तेथे त्यांचा बोलबाला झाला तो एका निराळ्याच कारणाने. व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते, आणि भल्याभल्यांना न निघालेले ते डाग गज्जरांनी रसायनाच्या बळावर काढले. साम्राज्याला त्यांची विद्या पुतळा धुण्यापुरती कळली, असे थोडे तिरकसपणे म्हणता येईल. त्यांचे खरे काम त्यांच्या शिष्यांत दिसते. १९०७ साली ॲलेंबिक कंपनी निघाली ती गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि भाईलाल दाजीभाई अमीन यांच्या हातून. पुढे तिने बडोद्यालाच आपले घर केले. १९२० मध्ये गज्जर वारले. कलाभवन १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील होऊन तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखा झाले, आणि बडोद्यातले जुने लोक तिला अजून कलाभवनच म्हणतात.

जे बडोद्याने केले, ते सगळीकडे झाले नाही. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. हीच आजची वीरमाता जिजाबाई संस्था, जिचे प्रा. सांगळे २०२३ च्या यादीत होते. या संस्थेत एके काळी लक्ष्मणराव किर्लोस्कर नावाचे एक तरुण शिक्षक यांत्रिक रेखन शिकवीत असत. मूळचे चित्रकलेकडे निघालेले. पण रंग ओळखण्यात डोळे दगा देतात हे ध्यानात आल्यावर रंग सोडून रेषेकडे वळलेले. यंत्राच्या आकृतीला रंग लागत नाही, अचूकपणा लागतो. बढतीची वेळ आली तेव्हा वरची जागा त्यांना मिळाली नाही, ती एका अँग्लो-इंडियनाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला येऊन सायकलींच्या धंद्यात पडले.

पुढची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. आधी कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर, आणि १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी. ही कथा आपण उद्योजकाची म्हणून सांगतो. परंतु तिच्याकडे एकदा शिक्षकाची कथा म्हणूनही पाहावे. नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. तेव्हा नांगराबरोबर नांगराची विद्याही विकावी लागली. बांधावर उभे राहून, बैल जोडून, तास उलटून दाखवावा लागला. मुंबईच्या वर्गात ज्याला वरची खुर्ची नाकारली गेली तो शिक्षक माळरानावर शिकवीतच राहिला. ती बढती मिळाली असती तर काय झाले असते, असे कोणी विचारील. मुंबईला एक चांगला मास्तर मिळाला असता आणि महाराष्ट्राला नांगर मिळायला उशीर झाला असता. तथापि या हिशेबाने अन्यायाचे समर्थन करणे बरे नाही. लक्ष्मणराव एकच होते. त्यांच्यासारखे डावलले जाऊन वर्गातच खंत करीत राहिलेले किती असतील, त्यांची वाडी कोठेही वसलेली नाही.

परदेशात काय स्थिती आहे, असा प्रश्न अशा वेळी हटकून येतो. अमेरिकेत अभियांत्रिकी शिकविणाऱ्यांची संघटना स्थापन झाली १८९३ मध्ये, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने. म्हणजे कलाभवनानंतर तीन वर्षांनी. या संघटनेतर्फे यांत्रिक अभियांत्रिकीच्या उत्कृष्ट शिक्षकाला दिला जाणारा एक स्वतंत्र सन्मान आहे, राल्फ कोट्स रो यांच्या नावाचा. रो हे प्राध्यापक नव्हते. विद्युत्केंद्रे उभारणाऱ्या एका कंपनीचे ते संस्थापक. त्यांच्या मुलाने, केनेथ रो यांनी, वडिलांच्या स्मरणार्थ निधी दिला आणि तो शिक्षकाच्या सन्मानाला लावला. या छोट्या गोष्टीत बरेच काही आहे. आपल्याकडे उद्योगपती देवळाला, धर्मशाळेला, रुग्णालयाला दान देतो, आणि ते द्यावेच. पण ज्याच्याकडून आपले फिटर, आपले आरेखक, आपले इंजिनिअर शिकून आले त्या शिक्षकाचे काही देणे आपण लागतो, ही जाणीव देणगीत उतरणे निराळे. शिवाय त्या सन्मानाची अट दुहेरी आहे. शिकविणे उत्तम हवे आणि व्यवसायालाही भर घातलेली हवी. नुसता गोड बोलणारा तेथे चालत नाही आणि नुसता विद्वानही नाही.

ही दुहेरी अट आपल्याकडे कोणाला लावावी असा विचार केला, तर पवईच्या आय.आय.टी.तले प्रा. सुहास सुखात्मे यांचे नाव प्रथम मनात येते. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचे हे चिरंजीव. अमेरिकेच्या एम.आय.टी.तून डॉक्टरेट घेऊन ते १९६५ मध्ये पवईला आले आणि उष्णतेच्या संक्रमणाचा विषय पिढ्यान्‌पिढ्या शिकवीत राहिले. १९९५ ते २००० या काळात ते त्याच संस्थेचे संचालक होते, नंतर अणुऊर्जा नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले, २००१ मध्ये पद्मश्री झाले. भटनागर पारितोषिकही त्यांच्या नावावर आहे. परंतु हजारो विद्यार्थ्यांना ते माहीत आहेत ते दोन पाठ्यपुस्तकांमुळे, एक उष्णतासंक्रमणावरचे आणि दुसरे १९८४ चे सौर ऊर्जेवरचे. पवई न पाहिलेल्या, नागपूर-कराड-सुरतेच्या मुलांनी त्यांच्याकडून शिकून घेतले. पाठ्यपुस्तक लिहिणे हे आपल्या विद्यापीठांत दुय्यम मानले जाते. बढतीच्या तक्त्यात निबंधाला जे गुण मिळतात ते पुस्तकाला मिळत नाहीत. वस्तुतः एका चांगल्या पाठ्यपुस्तकाने दिलेले शिक्षण शंभर निबंधांपेक्षा दूर पोचते.

सुखात्म्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी शिक्षकाखेरीज कोणी केली नसती. आपल्या संस्थेतून शिकून बाहेर पडलेले विद्यार्थी गेले कोठे, याची त्यांनी मोजदाद केली. किती परदेशी गेले, किती राहिले, जे राहिले त्यांनी काय केले. १९९४ साली त्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक आले. ‘सगळे अमेरिकेला जातात’ या कट्ट्यावरच्या विधानाला त्यांनी आकडे मागितले. यंत्राची कार्यक्षमता मोजण्यात हयात घालविलेल्या माणसाला आपल्या शिकविण्याची कार्यक्षमताही मोजाविशी वाटली, हे स्वाभाविकच. शिक्षकाचे मोल त्याच्या विद्यार्थ्यांच्या पुढच्या तीस वर्षांत असते, आणि पुरस्कार समितीला निकाल तर तीन महिन्यांत द्यायचा असतो.

समित्यांचा विषय निघालाच आहे, तर राष्ट्रीय पुरस्काराच्या पद्धतीविषयीही दोन शब्द. २०१८ पर्यंत नावे राज्य सरकारांकडून जात, आणि पुरस्कारांची संख्या तीनशेच्या वर गेलेली होती. त्या वर्षी नियम बदलले. संख्या पन्नासाच्या आत आणली गेली आणि शिक्षकाने स्वतःच अर्ज करावा असे ठरले. जुन्या पद्धतीत वशिल्याला वाव होता, हे खरेच. परंतु नव्या पद्धतीत शिक्षकाला आपणच आपली थोरवी मांडावी लागते; आपल्या कामाची छायाचित्रे, चित्रफिती आणि दाखले जोडून. ज्याला स्वतःचे बोलता येते तो पुढे जातो. कार्यशाळेतला मास्तर हा जात्याच अबोल प्राणी. त्याने आयुष्यभर दुसऱ्याचा ठोकळा उजेडाकडे धरला. स्वतःला उजेडाकडे धरायची त्याला सवय नाही. त्याच्या वतीने अर्ज कोणी भरावा? त्याच्या विद्यार्थ्यांनी, हे याचे साधे उत्तर दिसते.

भाषेचा मुद्दा राहिला. गज्जरांनी जो प्रश्न १८९० मध्ये हाती घेतला तो आजही सुटलेला नाही, पण मेलेलाही नाही. सयाजीरावांनी १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांमधला ‘श्री सयाजी शासनशब्दकल्पतरू’ सिद्ध करविला. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने यंत्र अभियांत्रिकीचाही परिभाषा कोश काढला. २०२१ मध्ये प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास परवानगी मिळाली आणि पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात संगणकशाखेचे वर्ग मराठीतून सुरू झाले. कोशातले शब्द कधी कधी जड होतात, हे मान्य केले पाहिजे. ‘कातयंत्र’ म्हटले की मुले हसतात, ‘लेथ’ म्हटले की कामाला लागतात. कार्यशाळेतल्या शिक्षकाला हा भेद बरोबर कळतो. तो कानशीला कानसच म्हणतो, ऐरणीला ऐरणच, भात्याला भाता, आणि व्हर्निअरला व्हर्निअर. त्याच्या तोंडी मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशी जी मिसळण असते ती अशुद्ध खरी, पण तिच्यातून यंत्र चालते. परिभाषा घडविणाऱ्या मंडळांवर पंडितांच्या जोडीने असा एखादा मास्तर बसविला, तर कोशाचे आयुष्य वाढेल.

२०२४ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत एकूण मानकरी ८२ झाले. शाळांचे ५०, उच्च शिक्षणाचे १६ आणि कौशल्यप्रशिक्षणाचेही १६. प्राध्यापक आणि कारागिरीचा शिक्षक यांची संख्या त्या वर्षी सारखी झाली. महाराष्ट्रात आय.टी.आय.मधल्या शिक्षकाला सरकारी कागदोपत्री ‘शिल्पनिदेशक’ म्हणतात. फार सुंदर शब्द आहे. गज्जरांच्या वडिलांचे शिल्पशास्त्र त्यात अनायासे येऊन बसले आहे. हा शब्द पगारपत्रकाबाहेर मात्र क्वचितच उच्चारला जातो.

या ग्रंथालयापुढे शेवटी एक सूचना ठेवाविशी वाटते. महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणून गावोगाव पुस्तके पोचविण्याची व्यवस्था उभारली. पेटीत पुस्तके भरून ती खेड्यांत फिरविली जात. पुस्तके वाचकापर्यंत नेण्याची ही बडोद्याची परंपरा. पण जे ज्ञान अजून पुस्तकात आलेच नाही, ते ग्रंथालयापर्यंत आणण्याचे कामही कोणी तरी केले पाहिजे. दरवर्षी ५ सप्टेंबरच्या आसपास कलाभवनातल्या किंवा एखाद्या आय.टी.आय.मधल्या एका शिक्षकाला येथे बोलवावे. त्याला भाषण करायला लावू नये. टेबलावर कानस, गुण्या आणि लोखंडाचा ठोकळा ठेवावा आणि त्याने शिकवावे. एका सभासदाने बाजूला बसून तो काय म्हणतो ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. वर्षाला वीस-पंचवीस पानांची एक वही होईल. शाल आणि नारळ यांचा खर्च त्याहून अधिक येतो. आणि त्या वह्या मराठी-गुजरातीच्या कपाटात न ठेवता, वाचनकक्षाच्या दाराशी, वर्तमानपत्रांच्या शेजारी ठेवाव्यात, म्हणजे पोळातून येणाऱ्या-जाणाऱ्या कारागिरालाही त्या हाताशी येतील.